लाफ्काडिओ हर्न आणि रोजचें जपान

परदेशाविषयीं लिहिणाऱ्या ग्रंथकारांचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांतील ग्रंथकार तीन आठवडे राहतो आणि तीनशें पानें लिहितो. दुसऱ्या वर्गांतील ग्रंथकार इतकीं वर्षें राहतो कीं, आपल्या भोंवतीं लिहिण्यासारखें कांहीं आहे हेंच तो विसरून जातो. पहिल्याला प्रत्येक गोष्ट नवलाची वाटते व दुसऱ्याला कोणतीच वाटत नाहीं. दीर्घकाल राहूनही ज्याचें नवल शिल्लक उरलें, आणि नवल शिल्लक असतांनाच ज्याला घरांतल्या गोष्टी समजूं लागल्या, असा ग्रंथकार विरळा. जपानच्या बाबतींत हा मान बहुधा लाफ्काडिओ हर्न याला देण्यांत येतो. तो त्याला कितपत द्यावा याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हर्नचीं पुस्तकें हातीं घेणारा आपल्याकडील सुशिक्षित वाचक एक तर त्यांत सर्वस्वीं गुंगून जातो, नाहीं तर चार प्रकरणें संपतांच 'हें सारें स्वप्नरंजन आहे' असें म्हणून तीं बाजूस ठेवतो. आम्हीं स्वतः तारुण्यांत पहिली चूक केली आणि पुढें बरींच वर्षें दुसरी केली. आतां उतारवयाकडे झुकल्यावर हीं पुस्तकें तिसऱ्यांदां वाचतांना आम्हांस असें दिसून आलें कीं, त्यांत एक हर्न नसून दोन आहेत, आणि एकानें मिळविलेल्या विश्वासावर दुसरा आपला निर्वाह करीत असतो. या दोघांस वेगळें ओळखतां आलें, तर वरील दोन्ही चुका टळतील.

हर्नचें चरित्र मोठें चमत्कारिक आहे. १८५० सालीं ग्रीसमधील लेफ्कास बेटावर त्याचा जन्म झाला. आई ग्रीक, बाप आयर्लंडमधला लष्करी डॉक्टर. लहानपणींच दोघेही अंतरले व डब्लिन येथील एका वृद्ध आप्त स्त्रीनें त्याचा सांभाळ केला. सोळाव्या वर्षीं शाळेंत अपघात होऊन त्याचा डावा डोळा गेला. उजव्याची दृष्टिही अधूच होती. एकोणिसाव्या वर्षीं जवळजवळ निर्धन स्थितींत तो अमेरिकेस गेला. सिन्सिनाटी व न्यू ऑर्लीन्स येथें वृत्तपत्रांत काम, नंतर मार्टिनिक बेटावर दोन वर्षें, आणि १८९० च्या एप्रिलांत योकोहामाचें बंदर, असा हा प्रवास आहे. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत तो पश्चिम किनाऱ्यावरील मात्सुए गांवीं इंग्रजीचा शिक्षक झाला. तेथें सामुराई कुळांतील कोइझुमी सेत्सु हिच्याशीं त्याचा संसार सुरू झाला. पुढें कुमामोतो, कोबे व टोकियो. १८९६ सालीं त्यानें जपानी नागरिकत्व घेऊन कोइझुमी याकुमो हें नांव धारण केलें. १९०३ पर्यंत तो टोकियोच्या साम्राज्य विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत होता. त्याच्या जागीं नात्सुमे सोसेकी हा पुढें विख्यात झालेला कादंबरीकार आला. १९०४ च्या सप्टेंबरांत हर्न वारला. ज्याला स्वतःचें घर असें कधींच लाभलें नव्हतें, तो दुसऱ्यांच्या घराकडे कोणत्या ओढीनें पाहील हें सांगावयास नको. त्याचें बळ आणि त्याचें वैगुण्य हीं दोन्हीं या एकाच ओढींतून निघालीं आहेत.

त्याचा जपानविषयींचा पहिला ग्रंथ 'ग्लिम्प्सेस ऑफ अनफमिलियर जपान' १८९४ सालीं दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यांतील पहिलें प्रकरण योकोहामांतील पहिल्या दिवसाचें आहे. निळीं छपरें, दुकानांवरचे निळे पडदे, ठेंगणीं घरें, हंसरे चेहरे. सर्व कांहीं परींच्या राज्यांतलें. हा हर्न प्रवासी आहे. असें वर्णन करणारे लेखक त्या काळीं प्रत्येक बोटीबरोबर उतरत असत.

परंतु मात्सुएच्या प्रकरणाकडे वळतांच लेखणी पालटते. या प्रकरणाचा आरंभ पहांटे तांदूळ सडणाऱ्याच्या जड मुसळाच्या आवाजानें होतो. उशीला कान लावून पडलेल्या माणसाला तो आवाज भुईच्या पोटांतून आल्यासारखा ऐकूं येतो. मग देवळांतील घंटा, भाजी विकणाऱ्यांच्या आरोळ्या, उगवत्या सूर्याला वंदन करणाऱ्या लोकांच्या टाळ्या, आणि लांकडी पुलावरून जाणाऱ्या शेंकडों खडावांचा नाद. आमच्या मतें हें प्रकरण हर्नच्या समग्र लेखनांतील उत्कृष्ट प्रकरणांपैकीं एक आहे, व त्याचें कारणही स्पष्ट आहे. पहिल्या दिवशीं तो अधू डोळ्यांनीं पाहत होता; येथें तो कानांनीं ऐकत आहे. डोळ्यांना देखावा एका दिवसांत मिळतो. पहांटेचा कोणता आवाज कोणाचा आणि त्यानंतर कोणता येणार, हें कळावयास मात्र त्याच गल्लींत पुष्कळ सकाळीं जागें व्हावें लागतें. दीर्घ वास्तव्याचा हा पुरावा लेखकाच्या प्रतिज्ञेपेक्षां अधिक बळकट आहे.

शिक्षकाच्या दैनंदिनीचें प्रकरणही याच तोलाचें आहे. आमचें सारें आयुष्य वर्गांत गेलें असल्यामुळें आमचा तिच्याकडे पक्षपात असणें शक्य आहे. पण त्यांतील विद्यार्थी केवळ 'जपानी विद्यार्थी' नाहींत, ते अमुक एक मुलगे आहेत. त्यांचे इंग्रजी निबंध, त्यांतील चुका, सुटीच्या दिवशीं गुरूच्या घरीं येऊन तासन्‌तास शांतपणें बसणें, हें सारें हर्न कोणताही सिद्धान्त न काढतां टिपून ठेवतो. एक मुलगा मरणाच्या दारीं असतां एकदां शाळा पाहण्याची इच्छा धरतो, व घरचा नोकर त्याला रात्रीं पाठीवर घेऊन शाळेपर्यंत नेतो. हा प्रसंग हर्न थोडक्यांत सांगतो आणि थांबतो. असें थांबणें त्याला सर्वत्र साधलें असतें, तर हा लेख लिहिण्याचें कारणच पडलें नसतें.

आतां 'जपानी स्मित' हा त्याचा अत्यंत गाजलेला निबंध घेऊं. योकोहामांतील एका परकीय कुटुंबांत कामास असलेली दाई नवऱ्याच्या अंत्यविधीसाठीं रजा मागतांना हंसते, आणि परत आल्यावर त्याच्या अस्थींचें पात्र दाखवितांनाही हंसते. मालकिणीला तें निर्दयपण वाटतें. हर्न समजावून सांगतो कीं, हें हास्य आनंदाचें नसून शिष्टाचाराचें आहे. माझ्या दुःखाचा भार आपल्यावर पडूं नये, असा त्याचा अर्थ. परकीय मनुष्य जेथें हृदयाचा अभाव पाहतो, तेथें हृदयाला लावलेलें वळण असूं शकतें, हें त्यानें पाश्चात्य वाचकांच्या गळीं उतरविलें, ही त्याची कामगिरी लहान नव्हे.

तथापि निबंध पुनः वाचतांना एक प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. ती दाई आपल्या बहिणीपाशीं, शेजारणीपाशीं, रात्रीं एकटी असतांना हंसली असेल काय? मालकिणीपुढें हंसणें हें संस्कृतीचें लक्षण कितपत आणि चाकरीचें लक्षण कितपत? हर्ननें शिष्टाचाराचा अर्थ अचूक लाविला, परंतु तो पाळण्याचा बोजा कोणाच्या खांद्यावर किती पडतो, याचा हिशेब केला नाहीं. वरून खालीं येणारें हास्य आणि खालून वर जाणारें हास्य यांत भेद असतो. तो दिसण्याइतका हर्न त्या लोकांच्या जवळ होता. तो न पाहण्याइतका त्यांच्या प्रेमांतही होता.

हीच गोष्ट इतर निरीक्षकांशीं ताडून पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. इसाबेला बर्ड ही इंग्रज बाई १८७८ सालीं एका जपानी दुभाष्यास बरोबर घेऊन उत्तरेकडील खेड्यांतून हिंडली. ती कांहीं महिनेच राहिली. पण धुरानें भरलेल्या झोंपड्या, पिसवा, लहान मुलांचे त्वचारोग हें सर्व तिच्या पुस्तकांत आहे. एडवर्ड मोर्स हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ समुद्रांतील शिंपल्यांसारख्या एका प्राणिवर्गाच्या शोधासाठीं १८७७ सालीं जपानांत आला आणि तेथील घरांच्या मोहांत पडला. त्याच्या १८८६ सालच्या ग्रंथांत विहिरी, चुली, कुंपणें, शौचकूपसुद्धां स्वतः काढलेल्या चित्रांसह नोंदलेले आहेत. बर्ड दारिद्र्य पाहते, मोर्स वस्तु पाहतो, हर्न मन पाहतो. तिघांत हर्नचें काम सर्वांत कठीण होतें हें कबूल केलें पाहिजे. परंतु मन पाहणाऱ्यानें चूल विसरून चालत नाहीं, हा धडा मोर्सकडून घेण्यासारखा होता.

हर्नच्या मदतीस एक व्यक्ति होती, आणि तिचा उल्लेख त्याच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर नाहीं. ती म्हणजे त्याची पत्नी. हर्नला जपानी ग्रंथ वाचतां येत नसत. पतिपत्नी आपसांत एक मोडकी जपानी बोलत. घरांत तिला 'हर्नसाहेबांची भाषा' असें कौतुकानें म्हणत. सेत्सु जुन्या कथा मिळवी आणि त्याला सांगे. तिनें आपल्या आठवणींत लिहिलें आहे कीं, पुस्तकांतून वाचून दाखविलेलें त्याला चालत नसे. कथा तिच्या स्वतःच्या शब्दांत, तिला जशी जाणवली तशी हवी असे. १९०४ सालच्या 'क्वाइदान' या प्रसिद्ध भूतकथांचा उगम बव्हंशीं या रात्रींच्या कथनांत आहे. या बाईचें स्वतःचें आयुष्य कसें होतें? मेइजी राज्यक्रांतीनंतर सामुराई कुळांची मिळकत गेली. दारिद्र्यामुळें तिचें शिक्षण लवकर थांबलें व तिला विणकाम करावें लागलें. पहिला नवरा सोडून गेला. सामुराई स्त्रीच्या त्यागाचे हर्न जे गोडवे गातो, त्या त्यागाची खरी किंमत त्याच्या समोर बसून कथा सांगत होती. ती कथा मात्र त्यानें लिहिली नाहीं.

येथवर आम्हीं पहिल्या हर्नचें वर्णन केलें व त्याच्या मर्यादा दाखविल्या. दुसरा हर्न हा तत्त्वज्ञ आहे. अमेरिकेंत असतांना हर्बर्ट स्पेन्सरच्या ग्रंथांनीं त्याचें मन पुरतें व्यापलें होतें. मनुष्याच्या भावना या असंख्य मृत पूर्वजांच्या अनुभवांची वारशानें आलेली बेरीज होय, असें मत त्यानें बनविलें आणि जपानांतील प्रत्येक चालीरीतीला तें लाविलें. सम्राटाविषयींची भक्ति, धन्यासाठीं प्राणत्याग, स्त्रीची सोशिकता, हें सर्व त्याच्या मतें वंशाच्या रक्तांत मुरलेलें. त्याच स्पेन्सरचे ग्रंथ आपल्याकडे आगरकरांनींही वाचले होते. त्यांनीं त्यांतून रूढीची छाननी करण्याचें धैर्य घेतलें. हर्ननें त्यांतून रूढीला शाश्वत करण्याचें साधन काढलें. गुरु एकच असून शिष्य असे उलट दिशांना जातात, याचें कारण असें कीं, एकाला तें घर सुधारून राहावयाचें होतें आणि दुसऱ्याला तें जसेंच्या तसें जपून ठेवावयाचें होतें. पाहुण्याला घर बदललेलें खपत नाहीं.

या बाबतींत हर्नचा मित्र बेसिल हॉल चेंबरलेन अधिक सावध होता. तो १८७३ पासून जपानांत होता, 'कोजिकी' या प्राचीन ग्रंथाचें त्यानें इंग्रजी भाषांतर केलें होतें, आणि हर्नला मात्सुएची नोकरी मिळण्यास त्याचें साहाय्य झालें होतें. १९१२ सालीं त्यानें एक लहानसा निबंध प्रसिद्ध करून असें दाखविलें कीं, सम्राटपूजा व 'बुशिदो' यांचा जो थाट प्राचीन म्हणून मिरविला जातो, तो पुष्कळ अंशीं मेइजी काळांत राज्यकर्त्यांनीं शाळांच्या द्वारें नव्यानें उभारलेला आहे. हर्न तर स्वतः सरकारी शाळेंत शिक्षक होता. हें उभारणीचें काम त्याच्या डोळ्यांसमोर चाललें होतें. त्याला मात्र त्यांत हजारों वर्षांच्या मृतांचा आवाज ऐकूं आला.

दुसऱ्या हर्ननें पहिल्यावर कशी कुरघोडी केली, याचें एक बोधप्रद उदाहरण आहे. १८९६ च्या जून महिन्यांत सानरिकू किनाऱ्यावर प्रचंड समुद्रलाट येऊन सुमारें बावीस हजार माणसें मेलीं. त्यानंतर हर्ननें 'जिवंत देव' ही कथा लिहिली व ती १८९७ च्या संग्रहांत आली. डोंगरावर राहणारा हामागुची गोहेइ नांवाचा वृद्ध मुखिया समुद्र मागें हटलेला पाहतो आणि आपल्या कापणी झालेल्या भाताच्या गंजी पेटवून देतो. आग विझविण्यास सारा गांव वर धांवतो आणि लाटेपासून वांचतो. कथा अप्रतिम आहे. 'त्सुनामी' हा शब्द इंग्रजी वाचकांच्या ओळखीचा होण्यास तिचा बराच हातभार लागला.

आतां मूळ घटना पहा. हामागुची गोरियो हा १८५४ सालच्या डिसेंबरांत, म्हणजे हिरो गांवावर लाट आली त्या वेळीं, वृद्ध नव्हता. तो चौतीस वर्षांचा होता व सोयाबीनच्या सॉसचा व्यापार करणाऱ्या सधन घराण्यांतला होता. त्यानें पेटविल्या त्या पेंढ्याच्या गंजी. अंधारांत धडपडणाऱ्यांना उंचावरची वाट दिसावी म्हणून. परंतु त्याची खरी थोरवी पुढेंच आहे. उद्ध्वस्त झालेल्या गांवकऱ्यांना मजुरी देऊन त्यानें स्वखर्चानें समुद्राकांठीं सुमारें सहाशें मीटर लांब व पांच मीटर उंच बांध घातला. तें काम १८५८ सालीं पुरें झालें. १९४६ सालीं पुनः लाट आली तेव्हां त्याच बांधानें गांवाचा मोठा भाग वांचविला. हर्नच्या कथेंत या बांधाला स्थान नाहीं. क्षणांत पेटणाऱ्या त्यागानें त्याचे डोळे दिपले. वर्षानुवर्षें माती वाहण्याचें, मजुरी चुकविण्याचें रुक्ष काम त्याच्या दृष्टीस पडलें नाहीं. रोजच्या जीवनाचा हा चित्रकार रोजच्या कामालाच विसरला!

मौज अशी कीं, पुढें या कथेवरून एका जपानी शिक्षकानें पाठ तयार केला आणि १९३७ पासून १९४७ पर्यंत तो तेथील राष्ट्रीय क्रमिक पुस्तकांत होता. परकीयानें रंगविलेलें चित्र घरच्यांनींच आरशाप्रमाणें भिंतीवर टांगलें. युद्धाच्या त्या काळांत 'सर्वस्व पेटवून देणें' हा धडा मुलांना कोणत्या अर्थानें शिकविला गेला असेल, याचा तर्क वाचकांनींच करावा. न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्या पाठानें मुलांना लाटेचीं पूर्वचिन्हें शिकविलीं, आणि २०१५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें ५ नोव्हेंबर हा त्सुनामी-जागृतीचा दिवस ठरविला तो याच घटनेच्या स्मरणार्थ. परकीयाचे अभिप्राय हे निरुपद्रवी रंजन नव्हे, असें आम्ही म्हणतों तें यासाठीं. १९४५ सालीं जपान शरण आल्यावर सम्राटाला गादीवर ठेवावें असा सल्ला मॅकआर्थर यांस देणारा बॉनर फेलर्स हा सेनाधिकारी हर्नचा निष्ठावंत वाचक होता. एका शाळामास्तराच्या पुस्तकांची पोंच येथवर असते.

स्त्रियांच्या बाबतींत हा प्रश्न आपल्या अगदीं जवळ येतो. हर्नच्या मतें जुन्या जपाननें घडविलेली सर्वांत सुंदर वस्तु म्हणजे जपानी स्त्री. आणि तिचें सौंदर्य तिच्या आत्मविलोपांत. नव्या शिक्षणानें ती नाहींशी होईल, याची त्याला खंत. परंतु तो टोकियोंत राहत असतांनाच, १९०१ सालीं, नारुसे जिन्झो यांनीं त्या शहरांत स्त्रियांचें विद्यापीठ काढलें. त्या संस्थेची माहितीपुस्तिका पुढें पुण्यांत अण्णासाहेब कर्वे यांच्या हातीं आली. १९१५ च्या डिसेंबरांत सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं ती कल्पना मांडली, आणि १९१६ सालीं महिला विद्यापीठ उभें राहिलें. महाराष्ट्रानें जपानकडून घेतलेली ही एक ठसठशीत देणगी आहे, आणि ती हर्नच्या काव्यमय गद्यांतून नव्हे, तर एका साध्या माहितीपत्रकांतून आली. ज्या जपानच्या आगमनानें हर्नला दुःख होत होतें, तेंच आपल्या मुलींच्या उपयोगीं पडलें.

असें असतांही हर्नला अप्रामाणिक म्हणतां येणार नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर १९०६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारांत निराशेचे, चिडीचे, जपानला कंटाळल्याचे उद्गार जागोजाग आहेत. विशेषतः कुमामोतोच्या काळांतले. आणि १९०४ सालच्या त्याच्या शेवटच्या मोठ्या ग्रंथांत सूर बराच बदललेला आहे. पूर्वीं ज्याला तो सौजन्य म्हणत होता, त्यामागें कुटुंबाची, गांवाची व जातिसमूहाची किती कडक सक्ती उभी आहे, तें त्यानें तेथें उघड मांडलें. चौदा वर्षांनीं का होईना, त्यानें स्वतःच्या मोहाची उलटतपासणी केली. किती लेखक हें करतात?

मग हर्नचें काय करावें? आमचें उत्तर असें आहे. जेथें तो 'जपानी मनुष्य', 'जपानी आत्मा', 'पूर्वेची स्त्री' असे शब्द वापरूं लागतो, तेथें वाचकानें पेन्सिल हातीं घ्यावी. जेथें तो अमुक गल्लींतला आवाज, अमुक विद्यार्थ्याचा निबंध, अमुक घरामागची बाग सांगतो, तेथें निःशंकपणें विश्वास ठेवावा. दीर्घ वास्तव्यानें परकीयाला मिळतो तो तपशील. निष्कर्ष काढण्याचा अधिकार त्यानें आपोआप मिळत नाहीं. हर्नला हा भेद नेहमीं उमगला नाहीं, म्हणून तो वाचकाला उमगला पाहिजे.

ज्यांना सवड थोडी असेल त्यांनीं पहिल्या ग्रंथांतील मात्सुएचें प्रकरण, शिक्षकाची दैनंदिनी व 'जपानी स्मित', 'कोकोरो'मधील रेल्वे स्टेशनावरचा प्रसंग, आणि शेवटच्या ग्रंथांतील सामाजिक सक्तीविषयींचीं प्रकरणें एवढें याच क्रमानें वाचावें. मोर्सचा घरांवरील ग्रंथ शेजारीं उघडा ठेवावा. आणि सेत्सुच्या आठवणी शेवटीं वाचाव्या. कारण चौदा वर्षें परकीयानें त्या घराकडे पाहिलें, तशीच त्या घरानेंही त्याच्याकडे पाहिलें होतें, आणि त्या बाजूची साक्ष झाल्यावांचून हा खटला पुरा होत नाहीं.